कोंडसईची मुकी वाडी

खाडीवरून कोंडसई गावात शिरताना डाव्या हाताला पोफळींची एक मोठी वाडी लागते. बाहेरून पाहिलं तर कोकणातल्या दुसऱ्या कुठल्याही आगरासारखीच. उंच, सडपातळ पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेल्या मिरवेली, मधून खेळवलेले पाण्याचे पाट आणि भर दुपारीही अंगावर शहारा येईल अशी गार सावली. पण कार्तिकात सुपारी उतरवायला सुरुवात झाली, की या वाडीत माणसाचा आवाज उठत नाही. झाडावर चढून फळं पाडणाऱ्याला इकडे पाडेली म्हणतात. पाडेली वर चढतात, बाया खाली घोस गोळा करतात, टोपल्या भरून खळ्यावर जातात, आणि हे सगळं मुक्यानं चालतं. ऐकू येतं ते कोयतीचं टकटकणं आणि घोस जमिनीवर आदळल्याचा धप्प आवाज, एवढंच.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या डोळ्यांत भरते. वाडीचा मालक, मग तो किती का मोठा असेना, अनवाणी पायांनी पोफळीच्या खोडाला तळवा लावून उभा असतो. पाडेली वरच्या वर दुसऱ्या झाडावर गेला, की मालकही त्या झाडाशी जातो. पाडेली खाली उतरेपर्यंत मालकानं बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, तोंड उघडायचं नाही.

गावातले बाबलआजा पाहुण्यांना वाडी दाखवायला नेतात. पण आत शिरण्याआधी ते सगळ्यांना व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बांधावर बसवतात आणि एकच सांगतात, ‘आत गेल्यावर कोणी कोणाला नाव घेऊन हाक मारू नका.’ का, असं कोणी विचारलंच, तर ते ही गोष्ट तिथंच, वाडीच्या बाहेर सांगतात. आत ती कोणी सांगत नाही.

फार पूर्वी, म्हणे, या जागी पोफळीचं एक झाडही नव्हतं. व्हाळाच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं होती. त्यांना इकडे कुणगे म्हणतात. गाव गरीब होतं, पण घरचा तांदूळ घरच्या कणगीत असायचा. देवळामागे कुणाच्या तरी परसात चार पोफळी होत्या. एके वर्षी वाऱ्यानं भरकटलेलं एक गलबत खाडीत शिरलं. त्याच्या तांडेलानं इथली सुपारी चघळून पाहिली, आतला पांढरा गर नखानं टोकरून पाहिला, आणि पुढच्या वर्षी तो मुद्दाम आला. सुपारी घेऊन गेला आणि बदल्यात तांदूळ, कापड, तांब्याची भांडी देऊन गेला. त्याच्या पुढच्या वर्षी दोन गलबतं आली.

मग गावाचं रूपच पालटलं, असे सांगतात. ज्यांच्या घरावर गवत होतं त्यांच्या घरावर कौलं आली. पोटासाठी परमुलखात गेलेली माणसं परत आली. आजूबाजूच्या गावांतल्या मुली कोंडसईत द्यायला लोक उत्सुक झाले. गावातला मोठा बागायतदार येसूशेट. त्यानं आपले कुणगे बुजवून पोफळी लावल्या, आणि त्याचं पाहून ज्याच्याजवळ वीतभर जमीन होती त्यानंही लावल्या. झाडं अगदी लगत लगत लावली, म्हणजे पाडेल्यानं एकदा वर चढावं, झाडाला झोका द्यावा, शेजारच्या झाडाचा शेंडा पकडावा आणि तसंच पुढं जावं. खाली उतरून पुन्हा चढण्यात वेळ मोडायला नको. काही वर्षांत व्हाळाकाठी भाताचा एकही कुणगा उरला नाही. तांदूळ गलबतातून यायचा, सुपारी गलबतातून जायची. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही.

आणि मग वाडी माणसं खायला लागली.

पहिल्यांदा सोमा नावाचा पाडेली पडला. लोक म्हणाले, हात निसटला. दुसऱ्या वर्षी आणखी एक पडला. लोक म्हणाले, झाड ओलं होतं. तिसऱ्या वर्षी जिवबा पडला. जिवबा संध्याकाळपर्यंत जिवंत होता. त्याचा थोरला भाऊ धाकू, तोही पाडेलीच, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. जिवबानं डोळे उघडले आणि तक्रार केल्यासारखं म्हणाला, “आयेन हाक मारली. मी खाली बघितलंय.” त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यानंतर एकेकाला आठवायला लागलं. सोमा पडला तेव्हा त्याच्या बहिणीची हाक ऐकू आली होती, आणि बहीण तर तेव्हा सासरी, खाडीपलीकडे होती. गावानं रवळनाथाला कौल लावला. गुरवानं देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि सगळे वाट पाहत राहिले. नकाराची डावी पडली नाही, होकाराची उजवी पडली नाही. पाकळ्या सुकून गेल्या तरी तशाच चिकटून राहिल्या. देवही बोलायला धजावला नाही, असं तेव्हाची माणसं म्हणत.

पण कार्तिक आला की वर चढावंच लागे. खायला दुसरं होतं काय?

धाकूची बायको आनशी. खाली घोस गोळा करणाऱ्या बायांत ती असायची. कडेवरची पोर, पारू, शेजारच्या म्हातारीकडे ठेवून यायची. जिवबा गेल्यापासून आनशी वाडीत शिरताना मान खाली घालायची. वर बघायचं नाही असं ती ठरवायची, आणि मान आपोआप वर जायची. तिथं, आभाळाच्या तुकड्यात, धाकू एवढासा दिसायचा. झाड डावीकडे वाकायचं, उजवीकडे वाकायचं, मग त्याचा एक हात सुटायचा आणि दुसऱ्या झाडाच्या शेंड्याकडे जायचा. त्या मधल्या क्षणी त्याच्याखाली काही नसायचं. तेवढ्या वेळात आनशीचा श्वास अडकायचा. दिवसभरात किती वेळा अडकायचा ते तिचं तिला माहीत.

पुढच्या कार्तिकात एका सकाळी आनशी सुपारीचं गाठोडं बांधत होती. गाठ आवळायला तिनं फडक्याचं एक टोक दातांत धरलं होतं. आणि तिच्या डोक्यावर, मिरवेलींच्या गचपणातून, तिचाच आवाज आला.

“धाकू!”

बायांनी चमकून आनशीकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव घेतलं हिनं, तेही अख्ख्या वाडीत? आनशीच्या दातांत फडकं तसंच होतं. डोळे मात्र फाटले होते. तिच्या समोरच बसलेल्या बाईनं ते पाहिलं आणि हातातली टोपली टाकून ती मागं सरकली.

वर धाकू दोन झाडांच्या मध्ये होता. त्याची मान वळता वळता थांबली. मग त्यानं पुढचं झाड पकडलं, खोडाला मिठी मारली आणि घसरत खाली आला. त्याच्या छातीची साल निघाली होती.

“तू माका हाक मारलंस?” त्यानं विचारलं.

आनशीनं दातांतलं फडकं काढलं. “मी हाक मारूक नाय.”

“माका ठाऊक आसा,” धाकू म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “आवाज तुझोच. पण लग्न झाल्यापासून तू कधी माझा नाव घेतलंस? म्हणान मी बघूक नाय.”

तेवढ्या एका रीतीनं त्या दिवशी त्याचा जीव वाचला, असे सांगतात.

आनशी तशीच येसूशेटच्या अंगणात गेली. बाईमाणसानं शेटसमोर उभं राहून बोलायची तेव्हा पद्धत नव्हती, पण तिला ते सुचलंच नाही.

“शेटानू, तेंका वर चढवू नकात. वाडीन तेंचा नाव घेतल्यान.”

येसूशेट वाईट माणूस नव्हता. निदान कोंडसईत त्याला कोणी वाईट म्हणत नाही. तो खांबाला टेकून बसला होता आणि त्याचे डोळे खाडीकडे लागले होते. तिथं गलबत नांगर टाकून उभं होतं, आणि अवेळी आभाळ भरून येत होतं. तांडेलानं निरोप धाडला होता, वादळाची चिन्हं आहेत, माल लवकर भरा, नाहीतर आम्ही रिकामे निघतो.

“माका काय भय वाटत नाय?” येसूशेट म्हणाला. “पण गलबत रिकामा गेला तर वर्साचो तांदूळ खंयसून येतलो, सांग. कुणगे मी बुजवलंय, तुमीय बुजवलात. आता परत फिराक वाट खंय आसा?”

आनशी अंगणातून परत फिरली. धाकू दुपारी पुन्हा झाडावर चढला. येसूशेट स्वतः वाडीत येऊन उभा राहिला आणि खालून ओरडायला लागला. त्याच्याही मनात भीतीच होती, पण भीतीनं काहींचा आवाज बसतो आणि काहींचा चढतो. “उडी मार, धाकू! बघतंस काय? उडी मार!” दिवस मावळेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

संध्याकाळी बाया घरी निघाल्या तेव्हा आनशी पाय धुवायला पाटावर थांबली. वाडीत अंधारून आलं होतं. पाण्यात पाय घातला आणि तिला ऐकू आलं.

“अवो.”

अगदी हळू, कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटावं तसं. आनशी दगडासारखी झाली.

“अवो... अवो...”

पहिल्या वेळी आवाज घोगरा होता. दुसऱ्या वेळी जरा बरा जमला. मग थोडा वेळ काहीच नाही. नंतर पुन्हा, “अवो, आयकलात?” आनशी धाकूला अशीच हाक मारायची. ‘अवो’ म्हटल्यावर तिचा आवाज जरासा अडायचा, लहानपणापासूनची खोड होती ती. ते झाडांतलं जे काही होतं, त्याला ते अडणं अजून साधत नव्हतं. म्हणून ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होतं. आनशी उभी राहून ऐकत होती, आणि तो आवाज हळूहळू तिच्यासारखा होत चालला होता. शेवटी एकदा ते बरोबर जमलं. ती खोडही आली. मग वाडी गप्प झाली, शिकून झाल्यासारखी.

घरी धाकू चुलीपुढं बसला होता. आनशी धापा टाकत आली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. धाकूनं चुलीतली लाकडं मागं ओढली. इथून निघून जावं म्हटलं, तर जायचं कुठं? खाडीकाठच्या सगळ्या गावांनी कोंडसईचं पाहून पोफळीच लावल्या होत्या. आणि धाकूला दुसरं काही येतही नव्हतं.

“उद्या ता तुझ्यासारखा हाक मारतला,” तो म्हणाला. “माका कशा कळतला, तू की ता?”

आनशीनं पारूला मांडीवर घेतलं. पोर झोपेला आली होती आणि अंगाईसाठी कुरकुरत होती. आनशी म्हणाली, “आजपासून मी बोलाचंय नाय. वाडीत नाय, घरात नाय, कोणाकडेच नाय. तुमी वर चढताहास तोपर्यंत माझा तोंड बंद. माझो आवाज खंयय आयकलात, तर ती मी नाय. मान वळवू नकात.”

“अगो, पण...”

धाकू पुढं काही बोलणार, तेवढ्यात तिनं आपल्या ओठांवर हात ठेवला. ‘मान वळवू नकात’ हेच पुढच्या कित्येक वर्षांतले तिचे शेवटचे शब्द. पारू रडत राहिली, आनशी तिला नुसती थोपटत राहिली. त्या रात्री पोर अंगाईवाचून झोपली, असं बाबलआजा सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाका सुरू झाल्या. “अवो! अवो, आयकलात?” कधी उजवीकडून, कधी पाटाकडून, कधी थेट धाकूच्या खालून. अगदी आनशीचा आवाज. बाया कामं सोडून आनशीकडे पाहायच्या. ती ओठ घट्ट मिटून घोस उचलत असायची आणि गालांवरून पाणी वाहत असायचं. वर धाकू मान ताठ ठेवून एका झाडावरून दुसऱ्यावर जात होता. एकदा हाकेत रडं आलं. एकदा हाक किंचाळली, पारूला काहीतरी झाल्यासारखी. धाकूनं डोळे मिटून घेतले, झाडाला कवटाळून तो थोडा वेळ तसाच राहिला, आणि पुढं गेला. बायांपैकी कुणी तरी पहिल्यांदा तोंडावर पदर धरला. मग दुसरीनं धरला. आपण काही बोललो तर आपलाही आवाज वाडी उचलील, या धास्तीनं दुपारपर्यंत सगळ्या जणी मुक्या झाल्या. बोलत होता तो एकटा येसूशेट. “उडी मार! बघतंस काय?”

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला. समुद्रावरून काळे ढग आले आणि गलबतावर शिडांची आवराआवर सुरू झाली. डोंगरात कुठं तरी पाऊस पडला असावा, कारण व्हाळाचं पाणी तांबडं होऊन फुगलं. आता राहिली होती ती अगदी काठची ओळ. येसूशेटनं सगळ्यात शेवटी बुजवलेला कुणगा तो. जुना बांध फोडून त्यावर झाडं लावली होती, आणि त्या भुसभुशीत मातीत व्हाळाचं पाणी आतून शिरत होतं.

आनशी त्या ओळीशी घोस वेचत होती. तिला पायाखाली काहीतरी हलल्यासारखं वाटलं. तिनं पाहिलं, तर शेवटून दुसऱ्या पोफळीच्या बुंध्याशी जमीन फाटली होती. वाऱ्यानं झाड वाकलं की फट उघडायची, आतली पांढरी मुळं दिसायची, आणि झाड सरळ झालं की फट मिटायची. तिनं वर पाहिलं. धाकू त्याच्या अलीकडच्या झाडावर होता. त्यानं झोका द्यायला सुरुवात केली होती. आणखी दोन झोके, की तो ते उखडलेलं झाड पकडणार.

आनशीनं तोंड उघडलं.

आणि तेव्हा तिला कळलं, की आपणच दिलेल्या वचनानं आपण त्याला बांधून ठेवलं आहे. ती कितीही ओरडली, तरी तो मान वळवणार नाही. आपल्या बायकोचा आवाज ऐकून तो आणखी घट्ट डोळे मिटील आणि उडी मारील. घशापर्यंत आलेली किंकाळी तिनं गिळली, आणि धावत जाऊन ज्या झाडावर धाकू होता त्याच्या खोडाला मिठी मारली. दोन्ही तळव्यांनी ती त्या खोडावर थापा मारायला लागली. हाताची कातडी फुटली तरी ती मारत राहिली. पोफळीचं खोड सरळ आणि बारीक, खालची थाप वरपर्यंत गेली. धाकूच्या पोटऱ्यांना ती लागली. झोका देता देता तो थबकला.

आणि त्याच वेळी वाडीत येसूशेटचा आवाज दुमदुमला, “उडी मार, धाकू! बघतंस काय? उडी मार!”

बाया येसूशेटकडे वळल्या. येसूशेट त्यांच्या पुढ्यातच उभा होता. त्याचं तोंड बंद होतं.

“उडी मार, धाकू!” आवाज पुन्हा आला. खणखणीत, त्याचाच. येसूशेटनं स्वतःच्या ओठांवर हात दाबून धरला. आवाज थांबला नाही. त्यानं दुसराही हात तोंडावर ठेवला. आवाज अजूनही येतच होता. त्यानं ते शब्द इतक्या वेळा म्हटले होते, की वाडीला ते शिकायलाही लागले नव्हते. जन्मात पहिल्यांदा, म्हणे, त्याला आपण काय बोलतो ते ऐकू आलं.

वर धाकू दोन गोष्टींच्या मध्ये लोंबत होता. एक मालकाचा आवाज, ज्याचा शब्द त्यानं आजवर कधी मोडला नव्हता. आणि एक खोडातून येणारी थाप, जिचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. काही क्षण त्याचं काही ठरेना. येसूशेट धडपडत पुढं आला, चिखलात गुडघ्यांवर पडला, पुन्हा उठला, आणि आनशीच्या रक्ताळलेल्या हातांशेजारी त्यानं आपले तळवे खोडाला लावले. तोही थापा मारायला लागला. तोंडातून शब्द काढायची त्याची छाती झाली नाही.

धाकू खाली यायला लागला.

त्याचे पाय जमिनीला टेकले न टेकले, तोच पुढची ती पोफळ मिरवेलींसकट आडवी झाली आणि व्हाळात कोसळली. पाणी तिला फिरवत फिरवत खाडीकडे घेऊन गेलं. आवाज बंद झाला. पुढं किती तरी वेळ त्या वाडीत वाऱ्याखेरीज काही ऐकू आलं नाही. धाकूनं आनशीचे हात हातांत घेतले. त्यानंतर तो सगळ्यांना एवढंच सांगायचा, “आवाज कोणय उचलतलो. पण हात खंयसून हाडतलो?” खंयसून हाडतलो म्हणजे कुठून आणणार.

त्या संध्याकाळी गलबत अर्धंच भरून निघून गेलं. त्या वर्षी कोंडसईनं कंद खाल्ले, खाडीतले शिंपले खाल्ले, पाहुण्यांच्या दारी तांदूळ मागितला. पण कोणी येसूशेटकडे बोट दाखवलं नाही, कारण वादळ ओसरताच पहिल्या दिवशी तो स्वतः कुऱ्हाड घेऊन काठच्या ओळीतली झाडं तोडायला उतरला होता. फोडलेला बांध पुन्हा घातला गेला. व्हाळाकाठच्या जमिनीवर पुन्हा भात लागलं, आणि त्यातला पहिला वाटा सोमाच्या, जिवबाच्या आणि पडलेल्या सगळ्या पाडेल्यांच्या घरी जाईल असं रवळनाथासमोर ठरलं. या वेळी गुरवानं पाकळ्या लावल्या आणि हात मागे घेण्याआधी उजवी पडली, असे सांगतात. गलबतं पुढच्याही वर्षी आली. सुपारी विकली गेली. मात्र मालकानं खोडाला हात लावून, तोंड मिटून उभं राहिल्याखेरीज कोणी पाडेली वर चढला नाही. घरी चार दाणे होते, म्हणून मालकाला तशी अट घालायची पाडेल्यांची हिंमत झाली.

आनशीनं आपला शब्द पाळला. धाकू झाडावर चढत होता तोवर ती बोलली नाही. पारू मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली. आईचा आवाज कसा होता ते तिला आठवत नव्हतं.

शेवटी धाकू म्हातारा झाला. एका कार्तिकात त्यानं आपली कोयती जावयाच्या हातात दिली आणि घरी येऊन पडवीत बसला. आनशी बोलणार म्हणून शेजारपाजार जमला होता. पारू मुलांना घेऊन आली होती. आनशी स्वयंपाकघरातून पडवीच्या दारात आली. धाकूची तिच्याकडे पाठ होती. तिनं घसा खाकरला. आवाज येतो की नाही अशी तिलाच शंका होती. पण आला, आणि अगदी पूर्वीचा आला, मधल्या त्या अडण्यासकट.

“अवो, आयकलात? जेवूक येवा.”

धाकूनं झटकन पडवीचा खांब पकडला. दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी, वर असल्यासारखा. डोळे गच्च मिटले. त्याची मान ताठ झाली.

“अवो,” आनशी पुन्हा म्हणाली, “मी आसंय.”

धाकूनं मिठी आणखी आवळली.

मग ती जवळ गेली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच थोपटलं. तेव्हा कुठं त्याचे हात सुटले आणि मान वळली.

त्यानंतर आनशी पुष्कळ बोलली, म्हणे. शेजारणींशी भांडली, देवळात ओव्या म्हटल्या, पारूच्या मुलांना अंगाई गाऊन निजवलं आणि पारू शेजारी बसून ती ऐकत राहिली. पण धाकूला तिनं जन्मात पुन्हा हाक मारली नाही.

आजही कोंडसईतली बाई आपल्या माणसाला मागून हाक मारत नाही. नवरा खाचराच्या पार त्या टोकाला जोत धरून असला, तरी ती चिखल तुडवत तिथवर जाते, त्याच्या पाठीवर हात ठेवते, आणि मगच सांगते की भाकरी आणली आहे.